वन्सं, तिन्ही खड्डे भरले

वन्सं, तुम्ही गेल्यापासून जो भेटेल तो मला विचारतो, "त्यांना नेमकं काय झालं होतं?" मी दोन वाक्यांत सांगते आणि विषय बदलते. तुम्ही उभं आयुष्य नर्स म्हणून वॉर्डात काढलंत. आजाराची चर्चा करत बसलेल्या नातेवाइकाच्या हातात तुम्ही काहीतरी काम द्यायचात. "उभे आहात ना, मग एवढी बाटली भरून आणा." मलाही हल्ली तसंच वाटतं. म्हणून आजार, तारीख, कोण आलं, कोण किती रडलं, यातलं मी काही लिहिणार नाही. मला इमारतीमागच्या पट्ट्याबद्दल बोलायचंय. तिथलं आपलं बोलणं अर्धवट राहिलंय आणि गेल्या रविवारी तिथे जे झालं ते तुम्हाला कळायला हवं.

माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणून तुम्ही माझ्या वन्सं. लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले तेव्हा दोन खोल्यांत तुम्ही, हे आणि सासूबाई होतात. लग्न करायचं नाही हे तुम्ही तोवर ठरवून टाकलं होतंत आणि त्यावर घरात कोणी बोलायचं नाही, असा शिरस्ताच होता. हॉस्पिटलात नोकरी करणारी, कडक, बिनलग्नाची नणंद म्हटल्यावर माझं काही खरं नाही, असं माझ्या माहेरी सगळ्यांना वाटत होतं. मलाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सकाळी ड्यूटीवरून आलात, मी करपवलेली भाकरी उचललीत, चहात बुडवून उभ्या उभ्या खाल्लीत आणि म्हणालात, "सुमन, हा तवा जास्त तापतो. मलाही कधी जमला नाही." त्या दिवशी मी जी निर्धास्त झाले ती कायमचीच.

त्यानंतर आपण खूप भांडलो. तो भाग वेगळा.

गावच्या जमिनीवरून सगळ्यात जास्त भांडलो. मालवणकडे डोंगराच्या उतारावर तुमच्या वडिलांचा एक तुकडा होता. चार-पाच जुने काजू, बांधावर एक रातांबा, बाकी सगळं रान माजलेलं. निवृत्त झाल्यावर तिथे जायचं, रान तोडायचं, उतारावर बांध घालायचे, खड्डे काढायचे, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतंत की ते झाल्यातच जमा आहे असं मी धरून चालले होते. मग चुलत्यांनी गिऱ्हाईक आणलं. सगळ्यांना विकायची होती. यांनाही. हे तुम्हाला म्हणाले, "ताई, तू एकटी तिथे राहून काय करणार? लाइट धड नाही, दवाखाना नाही."

"दवाखाना मीच आहे," तुम्ही म्हणालात.

हे हसले नाहीत. तुम्हीही नाही.

मी मात्र गप्प बसले नव्हते. ताईंचा हिस्सा ठेवा, बाकीचं विका, असं मी यांना घरात सांगितलं, चुलत्यांसमोर सांगितलं, गावी रजिस्ट्रारसमोर बसतानाही सांगितलं. त्या कचेरीत सगळे माझ्याकडे बघत होते, सून कशाला मध्ये बोलते म्हणून. आणि तुम्ही काय केलंत? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पेन उचललंत आणि सगळ्यांच्या आधी सही केलीत. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून तुम्ही डोळे मिटलेत ते थेट परळला उघडलेत. मला तुमचा इतका राग आला होता की पुढचे कित्येक दिवस मी तुमच्याशी फक्त भाजी काय करू एवढंच बोलत होते. सही का केलीत, हे मी नंतर वर्षानुवर्षं विचारत राहिले. तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी दुसरंच काढायचात.

मग चाळ पडली, आपण भाड्याने शिवडीला राहून आलो, आणि परत आलो तर चाळीच्या जागी ही इमारत. बिल्डरने कागदावर मागच्या बाजूला हिरवा रंग दिला होता. प्रत्यक्षात तिथे कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. पहिल्याच सभेत आपले सेक्रेटरी साटम म्हणाले की ती पट्टी मोकळीच आहे, तिथे स्कूटर लागतील. सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही मागच्या खुर्चीवरून उठून विचारलंत, "ऊन किती वाजेपर्यंत असतं तिथे?"

कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. राहायला आल्यापासून तुम्ही गच्चीवरून खाली बघत होतात, हे मला तेव्हा कळलं.

"दुपारी तीनपर्यंत असतं," तुम्ही म्हणालात. "मला दोन पावसाळे द्या. नाही काही झालं तर लावा तुमच्या स्कूटर. ब्लॉक मी परत बसवून घेईन."

साटमांना वाटलं असावं, म्हातारीची हौस आहे, दोन महिन्यांत फिटेल. ते हो म्हणाले.

ब्लॉक उचलले तेव्हा खाली माती नव्हतीच. आपली चाळ होती. फोडलेल्या विटा, मंगलोरी कौलांचे तुकडे, चुन्याचे गोळे, गंजलेल्या सळया. बिल्डरने सगळं डेब्रिज तिथेच दाबून वरून ब्लॉक बसवले होते. तुम्ही टिकाव मारत होतात, मी घमेल्यात भरत होते. एक हिरव्या टाइलचा तुकडा वर आला आणि आपण दोघी एकदम थांबलो. आपल्या मोरीतली टाइल. सासूबाई जिच्यावर बसून भांडी घासायच्या ती. तुम्ही ती साडीला पुसलीत, दोन्ही बाजूंनी बघितलीत, आणि म्हणालात, "चल, पुढे घे." मला वाटलं होतं तुम्ही ती ठेवून घ्याल. तुम्ही ती विटांच्या ढिगावर टाकलीत.

लोकांना वाटतं तुम्ही शेतीतल्या जाणत्या होतात. परवा साटमही तसंच म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं. तुम्ही दहाव्या वर्षी गाव सोडलंत. तुम्हाला जे आठवत होतं ते आईच्या मागे मागे फिरताना बघितलेलं, तेही अर्धंमुर्धं. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही चाळलेल्या मातीत ताग पेरलात. ताग उगवतो, वाढतो, मग तो तसाच मातीत गाडायचा, म्हणजे माती सुधारते, एवढं तुम्हाला माहीत होतं. पण खाली डेब्रिजचा थर रस्त्यासारखा घट्ट होता. पाणी वरच तुंबलं आणि बी सगळं कुजलं.  मग गावच्या चुलत भावाला फोन लावलात, त्याच्याकडून चार शिव्या खाल्ल्यात, आणि पहार घेऊन खाली गेलात. तो थर फोडायला आणि पाणी गटाराकडे काढून द्यायला चर खणायला आपल्याला दिवाळी उजाडली.

साटम म्हणत होते, एक ट्रक लाल माती आणून वर पसरा, झालं काम. तुम्ही त्यांना उडवून लावलंत. खाली पाणी मुरत नसेल तर वर कितीही चांगली माती टाका, मुळं कुजणारच. ते खरंच होतं. पण शेवटी लाल माती आणावीच लागली, चाळून उरली ती निम्म्याहून कमी भरली म्हणून. साटमांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हे तुम्ही मला कबूल केलंत, त्यांना कधी नाही. मी परवा तुमच्या वतीने सांगून टाकलं. तुम्हाला आवडलं नसेल. असू दे.

दसऱ्यानंतर आपण दादरच्या फुलबाजारात गेलो ती सकाळ मला फार आवडते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे झेंडूचे ढीग पडलेले असतात, विकले न गेलेले, तुडवलेले. महापालिकेची गाडी यायच्या आत आपण पोती भरली. एक फूलवाली म्हणाली, "मावशी, देवाला घालायचीत का ही? शिळी आहेत." तुम्ही म्हणालात, "नाही गं, जमिनीला घालायचीत." टॅक्सीवाला डिकी उघडायला तयार होईना. तुम्ही त्याला विचारलंत, त्याच्या गावी शेती आहे का. निघाली, जौनपूरकडे. परळ येईपर्यंत तो तुम्हाला बटाट्याबद्दल सांगत होता आणि तुम्ही तुमच्या त्या हॉस्पिटली हिंदीत त्याला प्रश्न विचारत होतात. उतरल्यावर त्यानेच पोती मागे नेऊन टाकली. गाडीच्या सीटवर केशरी पाकळ्यांचा सडा पडलेला. त्याने तो झटकला नाही.

पण मासळीचं प्रकरण तुमच्या अंगाशी आलं. शीव कोळीवाड्याची हिरा आपल्याकडे मासे घेऊन येते. तिच्या बाळंतपणात तुम्ही तिला सांभाळलं होतंत, म्हणून ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. माडाच्या आळ्यात तुमची आई मासळीची घाण पुरायची, हे तुम्हाला आठवलं आणि तुम्ही हिराला सांगून बसलात. ती बिचारी रोज डोकी, आतडी, कल्ले डब्यात भरून आणायची. आपण ते पुरत होतो, पण पुरेसं खोल नाही. बोक्यांनी उकरलं. आणि हे सगळं कधी, तर मार्गशीर्षात. गुरुवारी घरोघरी घट मांडलेले, बायकांचे उपास, आणि खालून सातव्या मजल्यापर्यंत बांगड्याच्या डोक्यांचा वास. साटमांच्या घरून फोन, मोऱ्यांच्या घरून फोन. शेवटी साटमच नाकाला रुमाल लावून खाली आले.

"बाई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"खत आहे."

"अहो, आमच्या घरी पूजा चालू आहे."

तुम्ही टिकाव खाली ठेवलात. "चुकलं माझं," म्हणालात. "आज संध्याकाळपर्यंत वास जाईल." आणि गेला. आपण दोघींनी मिळून त्यावर लाकडाचा भुसा आणि हातभर माती लोटली. माझी पाठ पुढे चार दिवस धरलेली होती. त्या दिवशी मला तुमचं नवल वाटलं होतं, वन्सं. तीस वर्षांत तुमच्या तोंडून "चुकलं माझं" मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही साटमांना.

दुसऱ्या पावसाळ्यात ताग आला. काय आला होता. गुडघ्याला लागला, मग कमरेला, मग माझ्या खांद्याला. एवढ्या इमारतींच्या बेचक्यात हिरवागार. लोक जिन्याच्या खिडक्यांतून बघायला लागले. मोऱ्यांच्या सुनेने त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. शेंड्यांना पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या आणि साटम सभेत म्हणाले, "बाईंनी करून दाखवलं." त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही कोयता घेऊन खाली उतरलात आणि सगळा ताग मुळापासून कापायला घेतलात.

मी गॅस बंद करून धावत खाली आले. "अहो, फुलं तर येऊ देत."

"फुललं की त्याचं खोड लाकडासारखं होतं. मग ते कुजत नाही."

"आठ दिवसांनी काय बिघडतं? लोकांना आता कुठे विश्वास बसला होता."

तुम्ही मान वर केली नाहीत. रागावलात की तुमच्या तोंडात गावची भाषा यायची. "लोकांका दाखवूक पेरलंय काय मी ह्यां?"

मी वर निघून आले. दुपारी जेवायला बोलावलं नाही. तुम्ही आपणहून आलात, हातपाय धुतलेत, ताट घेतलंत. खिडकीतून खाली बघितलं तर सगळं तुकडे करून मातीत दाबलेलं, आणि पट्टा पुन्हा काळा, उघडा. इमारतीत कुजबुज सुरू झाली. दोन पावसाळे झाले, झाड एक नाही, आणि जे उगवलं ते बाई स्वतःच्या हाताने कापून मोकळ्या. साटमांनी पुन्हा स्कूटरचा विषय काढला. ह्या वेळी ते नुसतं बोलून थांबले नाहीत. येत्या जूनपर्यंत झाडं लागली नाहीत तर ब्लॉक बसवायचे, असं सभेत ठरलं. मला वाटत होतं तुम्ही हातचं घालवलंत. माती आता मूठभर उचलली तर बोटांतून सुटायची, तिच्यात गांडुळं दिसायची, हे मला दिसत होतं. पण मी बोलले नाही. आपला राग चालू होता.

रातांब्यावरून आपलं कुठे एकमत झालं? झालंच नाही. दर मे महिन्यात चुलतभाऊ कोकम सरबतासाठी रातांबे पाठवायचा, त्या विकलेल्या जमिनीच्या बांधावरच्या झाडाचे. नवीन मालक नेऊ देतो म्हणायचा. तुम्ही त्यातल्या बिया दुधाच्या पिशव्यांत रुजवल्यात. तीन रोपं जगली. मी सांगत होते, रातांब्याच्या बीचं काही खरं नसतं, नर निघाला की फळच नाही, आणि नर की मादी हे कळायला सात-आठ वर्षं जातात. त्यापेक्षा नर्सरीतून चांगली कलमं आणू, चिकू आणू, पेरू आणू. मला पेरू हवा होता. माझ्या माहेरी दारात होता.

"तीन आहेत," तुम्ही म्हणायचात. "एखादी तरी बाई निघेल."

"आणि तिन्ही पुरुष निघाले तर?"

"तर सावली देतील. पुरुषांकडून तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही."

हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मार्चमध्ये खड्डे काढायला घेतले तेव्हा तुमचं वजन उतरायला लागलं होतं. तुम्हाला कळलं होतं, मला खात्री आहे. तुम्ही काढायचात ती वरची माती उजवीकडे, खालची डावीकडे, मिसळू द्यायची नाही. मी म्हणत होते, खड्डे झालेत तर लगेच लावून टाकू, जून कशाला बघायचा, साटम तारीख मोजतायत. तुम्ही खड्ड्याच्या काठावर बसलात, पाय आत सोडून, आणि म्हणालात, "अगो, ऊन खावंक दी तेका. उन्हाने आतली कीड मरता." मग जरा दम घेतलात. आणि मी न विचारताच, पहिल्यांदा, तुम्ही ते उत्तर दिलंत.

"दिगूचा चेहरा तू बघितला नव्हतास त्या दिवशी. तू बोलत होतीस आणि तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी काही मोडून ठेवलं की बघायचा ना, तसा. मला नाही म्हणता आलं नाही."

"मग मला तरी बोलू द्यायचं होतं."

"तू बोललीस म्हणून तर लवकर सही केली. अजून बोलली असतीस तर त्याला घरी तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

 मला अजूनही हे पटलेलं नाही, वन्सं. एका माणसाचा चेहरा पडू नये म्हणून दुसऱ्याने जमीन सोडायची, हे मला नाही पटत. त्या दिवशी तुमचा श्वास लागला होता म्हणून मी वाद घातला नाही. आपण पुन्हा कधीतरी बसून नीट भांडू, असं धरून चालले. ते राहिलं.

हॉस्पिटलात तुम्ही शेवटी शेवटी फार बोलत नव्हतात. तुमच्याच हाताखाली शिकलेल्या सिस्टर येऊन तुमचे केस विंचरून जायच्या. एका दुपारी मी डबा घेऊन आले तर तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "पाणी ओतून बघितलंस?"

बघितलं होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन बादल्या ओतल्या होत्या. "दोन खड्ड्यांतलं लगेच मुरलं. भिंतीकडच्या खड्ड्यात साचून राहिलं."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली.

"तळाला पहारेने भोकं पाड," तुम्ही म्हणालात. "आणि विटांचे तुकडे घाल वीतभर. तो ढीग आहे ना, ज्याच्यावरून तू मला बोलतेस, तो."

"घालते."

"मोठे खाली, बारीक वर."

आपलं शेवटचं बोलणं ते. मला त्याचं वाईट वाटत नाही. लोक शेवटी काय काय बोलतात म्हणे, माफी मागतात, निरोप देतात. आपण विटांच्या तुकड्यांबद्दल बोललो, आणि तुम्ही मला ते काम नीट सांगून गेलात. तुमच्या हाताखाली मी तीस वर्षं राहिले आणि त्यात एकदाही मला परकं वाटलं नाही, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दुपारीही नाही दाखवलं. डबा धुतला आणि घरी आले.

आता गेल्या रविवारचं.

दिवसकार्य आटोपलं होतं. जून निम्मा सरत आला होता आणि साटमांनी अजून ब्लॉकचं नाव काढलं नव्हतं. लाजेने असेल. मी सकाळी पहार घेऊन निघाले. हे पेपर बाजूला ठेवून उठले आणि चपला घालायला लागले. वन्सं, हे त्या पट्ट्यावर कधीच आले नव्हते. तुम्ही बोलावलं नाहीत आणि हे आले नाहीत. दोन वर्षं तुम्ही खाली राबलात आणि हे वरच्या खिडकीतूनसुद्धा त्या बाजूला बघायचे नाहीत. मला त्याचं कारण माहीत होतं, तुम्हालाही. यांनी माझ्या हातातली पहार घेतली. जिन्यात मला म्हणाले, "तू नुसतं सांग."

भिंतीकडच्या खड्ड्यात उतरून यांनी तळाला भोकं पाडली. सत्तरीच्या माणसाला जेवढी पाडवतील तेवढी. मी विटा दिल्या, मोठ्या आधी, मग बारीक. त्यावर वरची माती, शेणखत, तुमचा कुजलेला झेंडू, निंबोळीची पेंड. हे मधूनमधून विचारत होते, "ताई माती किती दाबायची?" मी पायाने दाबून दाखवलं. वरून घट्ट नाही, रोप हलणार नाही एवढंच. पाऊस भुरभुरत होता, आम्ही तसेच काम करत होतो.

रोपं ठेवायची वेळ आली तेव्हा यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. मला बघताच कळलं काय असेल. अस्थी विसर्जनाच्या दिवशी यांनी चिमूटभर राख बाजूला काढून ठेवलेली.

"घालू का एका खड्ड्यात?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ताईंनी मला सांगून ठेवलंय. एप्रिलमध्ये. म्हणाल्या, माझी राख-बिख त्या खड्ड्यांत घालू नका हं. चाळीचा चुना आहे तिथे, तो आधीच जास्त झालाय. राखेने अजून वाढेल."

 हे हसायला लागले. इतके हसले की खड्ड्याच्या कडेला बसले, आणि मग तोंडावर हात घेऊन बराच वेळ तसेच बसून राहिले. मी बाजूला उभी राहिले. मोऱ्यांची सून वाळत घातलेले कपडे काढायला खिडकीत आली होती, ती आत गेली. पुडी यांनी परत खिशात ठेवली. शिवाजी पार्कच्या समुद्रात सोडून येतो म्हणाले.

दोन खड्ड्यांत तुमची रातांब्याची रोपं लावली. भिंतीकडच्या खड्ड्यात मी माझा पेरू लावला. तिसरं रोप कुंडीत आहे, तुमच्या खोलीच्या खिडकीत. तुम्हाला राग येणार हे धरूनच लावलाय. निदान एक फळ तरी आमच्या हयातीत खाता येऊ दे.

साटम खाली आले. सॅंडल चिखलात जाऊ नयेत म्हणून लांबच उभे राहिले. म्हणाले, "बाकीचा पट्टा तसाच मोकळा पडणार काय वहिनी? तिथे मिरच्या, भेंडी काही लावता येईल ना? आमच्या घरी विचारत होते." मी म्हटलं, माती तयार आहे, या उद्या. ते खरंच आले, दुसऱ्या दिवशी, बायकोला घेऊन. स्कूटरचं नाव निघालं नाही.

पण मला सांगायचंय ते साटम यायच्या आधीचं. रोपं लावून झाली होती. मी आळ्याची कड सारखी करत होते. हे भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात मातीने भरलेले, कुठे पुसावेत ते कळत नव्हतं. पलीकडे भोंगा वाजवत कुठलीतरी गाडी मागे येत होती. तो आवाज थांबल्यावर हे म्हणाले, "ती जमीन विकायला नको होती."

एवढंच. मग नळावर गेले, हात धुतले, आणि वर निघून गेले.

जमीन विकल्यापासून मी ह्या वाक्याची वाट बघत होते. किती वेळा भांडले होते ते यावं म्हणून. आणि ते आलं तेव्हा माझ्यासाठी नव्हतंच. हे माझ्याकडे बघून बोललेही नव्हते. ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत ते पोचवायला आता घरात मी एकटीच आहे. म्हणून हे लिहिलं, वन्सं. दिगू म्हणाला, ती जमीन विकायला नको होती.